बांधावरची फुलं आणि एक जुना फोटो



गेल्या हंगामात एका गट कार्यालयात सभासदांची बैठक होती. खोडवा, पाचट, माती परीक्षण असे नेहमीचे विषय झाले, चहा आला, आणि एका तरुण सभासदाने हळूच विचारले, "साहेब, तुम्ही फडात कमी आणि बांधावर गुडघे टेकून जास्त दिसता. फुलांचे फोटो काढून टनेज वाढतं का हो?" सगळे हसले. मीही हसलो. पण प्रश्न बरोबर होता आणि त्याचे उत्तर त्या दिवशी चहाच्या गडबडीत राहून गेले. ते आज या अंकात देतो.

सरळ सांगतो, फोटो काढून उसाचे एक कांडेही वाढत नाही. मी काही नावाजलेला छायाचित्रकार नव्हे. कृषी पदविका घेतली, नोकरीला लागलो आणि गेली वीसहून अधिक वर्षे आपल्या शिवारातून मोटारसायकल फिरवतो आहे. पण या नादाने मला एक गोष्ट शिकवली, जी पदविकेच्या अभ्यासात नव्हती. ती शिकायला मला सतरा वर्षे लागली आणि त्यात आपल्याच एका सभासदाचे नुकसानही झाले. ते शेवटी सांगतो.

नाद कसा लागला

जुन्या सभासदांना लोकरी मावा आठवत असेल. २००२ साली तो सांगली भागात प्रथम दिसला आणि पाहता पाहता आपल्याकडेही आला. पाने काळी पडू लागली, फडात शिरले की अंग चिकट होऊन जाई. मी त्याच वर्षी नोकरीला लागलेला नवखा पोरगा. पुढे माव्यावर जगणाऱ्या डिफा अळ्या आणि मायक्रोमस फडात सोडायचे काम सुरू झाले, तेव्हा त्याची नोंद ठेवण्यासाठी माझ्या हातात रिळाचा कॅमेरा आला. एका रिळात छत्तीस फोटो. प्रत्येक फोटोचा हिशेब. रीळ संपल्याशिवाय ते धुवायला टाकायचे नाही, हा दंडक.

२००४ च्या भाद्रपदात एका सभासदाच्या फडाचे फोटो काढून झाले आणि रिळात तीन फोटो उरले. या सभासदांना सगळे गाव तात्या म्हणते, मीही तेच म्हणतो. रीळ त्याच दिवशी साताऱ्याला धुवायला जायचे होते, म्हणून उरलेले तीन फोटो समोरच्या बांधावर उडवले. बांध चांगला चार फूट रुंद. त्यावर गुलाबी तेरडा, कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरे, टाकळ्याची पिवळी फुले आणि खाली गवतात आभाळीचे निळे-जांभळे ठिपके. फोटो धुऊन आले तेव्हा माव्याचे निम्मे फोटो हललेले निघाले. बांधाचा एक मात्र असा उतरला होता की मी तो टेबलाच्या काचेखाली ठेवला. तेव्हापासून हा नाद.

मृगापासून हस्तापर्यंत

आपल्याला पावसाचा हिशेब नक्षत्रांनी लागतो. फुलांचाही तसाच लागतो. मृगाचा पाऊस पडला की आठ-पंधरा दिवसांत बांधावर टाकळा उगवतो. त्याची कोवळी भाजी आपण खातो, पण राहिलेल्या रोपाला श्रावणात फूल येते ते फारसे कोणी पाहत नाही. आषाढ-श्रावणात डोंगरकडेच्या झुडपांवर कळलावी चढलेली दिसते. तिचे फूल आधी पिवळे असते आणि मग लाल होत जाते. दोन-चार दिवसांच्या अंतराने एकाच फुलाचे फोटो काढले तर ही दोन वेगळी फुले आहेत असे कोणालाही वाटेल. तिचा कंद मात्र विषारी असतो, पोराबाळांना हात लावू देऊ नये. डोंगरउतारावर रानहळदीचा गुलाबी-जांभळट तुरा जमिनीतून वर येतो. त्यातून डोकावणारी पिवळी फुले टिपायची तर पोटावरच झोपावे लागते.

पाणथळ खाचरात दुपारी नावाचे लालभडक फूल असते. नावाप्रमाणेच ते दुपारी उमलते. सकाळी सातला गेलात तर नुसती कळी. मी दोन वेळा सकाळी जाऊन परत आलो. शेवटी एका बाईंनीच बांधावरून सांगितले, "भाकरीच्या वेळंला या, तवा दिसंल." त्या दिवसापासून कोणत्या फुलाला कोणती वेळ, हे शिवारात राबणाऱ्या माणसाला आधी विचारतो.

भाद्रपद म्हणजे तेरड्याचा महिना. तेरड्याचा रंग तीन दिवस ही म्हण आपण माणसांबद्दल वापरतो, पण आपल्याकडे अनेक घरांत गौर बसते ती तेरड्याचीच. पुढे हस्ताचा पाऊस सरता सरता डोंगराचे उतार सोनकीने पिवळे होतात. खाली कृष्णेच्या काठी हिरवा ऊस, वर पिवळा डोंगर, असा फोटो यवतेश्वरच्या घाटातून फार चांगला येतो. सकाळी धुके असेल तर थांबावे. ते वर उठू लागते तेव्हा खालचे फड एकेक करून उघडे पडतात.

कासचा सडा आणि आपला फड

साताऱ्याहून सुमारे २५ किलोमीटरवरचे कास पठार आता साऱ्या जगाला माहीत आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात कासचा समावेश आहे. ८५० हून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पती तेथे नोंदल्या गेल्या आहेत. आपण ऊसवाले, म्हणून मी ते पठार आपल्या नजरेने पाहतो.

वर सगळा जांभा कातळ. माती कुठे चार बोटे, तर कुठे तेवढीही नाही. पावसाळ्यात पाणी तुंबते आणि उन्हाळ्यात तोच कातळ तव्यासारखा तापतो. तेथे झाड कसे वाढणार? म्हणून तेथे राज्य आहे ते लहान झाडोऱ्याचे. पावसाबरोबर उगवायचे, फुलायचे, बी टाकायचे आणि तीन-चार महिन्यांत प्रपंच आवरायचा. आपण आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस करतो. तेथे नत्र कोठून आणणार? त्या पठारावर सीतेची आसवे नावाचे नखाएवढे जांभळे फूल लाखोंनी फुलते. ते वरून दिसायला नाजूक असले तरी जमिनीखाली त्याला बारीक फुगे असतात. ओल्या मातीतले सूक्ष्म जीव त्यात अडकतात आणि झाडाची नत्राची गरज भागते. दवबिंदू ही दुसरी वनस्पती आपल्या पानावरच्या चिकट थेंबांत कीटक पकडते. गरिबीत संसार कसा करावा हे या झाडांकडून शिकावे!

तेथेच वायतुरा पाहावयास मिळतो. त्याचा तुरा दोन बाजूंना फाकलेला असतो, आणि त्याच्या शास्त्रीय नावात साताऱ्याचे नाव आहे. कारवी तर सात-सात वर्षे नुसती वाढते आणि मग एकदाच सारा डोंगर फुलवते. ती फुललेली दिसली तर काम बाजूला ठेवून फोटो काढावा. पुढच्या वेळी आपण असू-नसू.

कासला जाणाऱ्यांना एक विनंती. पायवाट सोडून पठारावर पाय ठेवू नये. चार बोटे मातीवर हजारो पावले पडली तर काय होते, हे ट्रॅक्टरने दाबलेली जमीन पाहणाऱ्या शेतकऱ्याला सांगायला नको.

तुरा, पळस आणि बहावा

फुले पावसाळ्यातच असतात असे नाही. दिवाळीच्या आसपास आपल्या फडातच तुरा येतो. उसाचा तुरा हेही फूलच. उतरत्या उन्हात, सूर्य तुऱ्याच्या मागे ठेवून फोटो काढला तर सारा फड चांदीचा दिसतो. पण तेवढ्यावर खूष होऊन चालणार नाही. तुरा आला की उसाची वाढ थांबते, पुढे पांगशा फुटतात, दशी पडते, वजन आणि साखर दोन्ही घटतात. म्हणून तुरा आलेला ऊस दीड-दोन महिन्यांत तुटावा असा प्रयत्न असतो. तुऱ्याचा फोटो आणि तारीख आपल्या गट कार्यालयात दाखवा. तोडणी कार्यक्रम ठरवताना तो फोटो उपयोगी पडतो.

असाच प्रकार तागाचा. हिरवळीच्या खतासाठी केलेला ताग फुलायला लागला की शेत सोन्यासारखे दिसते. माझ्यातला फोटोवाला म्हणतो आणखी आठ दिवस राहू द्या, आणि माझ्यातला अधिकारी म्हणतो आजच गाडा. अशा वेळी अधिकाऱ्याचेच ऐकावे. ताग जून झाला की लवकर कुजत नाही.

थंडीत माळावर तरवड आणि काटेकोरांटी पिवळी होऊन असतात. माघ-फाल्गुनात काटेसावर, पांगारा आणि पळस, तिन्ही लाल आणि तिन्ही पानझडलेले. बांधावरचे गिरिपुष्पही याच सुमारास गुलाबी होते. ऊस तुटून शिवार मोकळे झालेले असते, त्यामुळे एकटा पळसही दोन मैलांवरून दिसतो. चैत्र-वैशाखात बहाव्याचे पिवळे घोस आणि मग पुन्हा मृगाची वाट.

याच दिवसांत एक वाईट फोटोही मी दरवर्षी काढतो. जळालेल्या पाचटाचा. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. ते काडी लावून घालवले की जमिनीचे खाद्य गेलेच, पण आग बांधावर चढते आणि बांधावरचे बीही भाजून निघते. पाचट जाळू नये हे मी सांगून सांगून थकलो. निदान जाळल्यानंतरचा बांध एकदा जवळून पाहा.

फोटो कसा काढावा

आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. वेगळा कॅमेरा लागत नाही. माझ्या अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो.

फूल जेवढ्या उंचीवर असेल तेवढे आपण खाली यावे. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत फूल कमी आणि माती जास्त दिसते. ऊन सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतरचे चांगले, आणि ढगाळ दिवस असेल तर फुलाचे रंग खरे उतरतात. आपली सावली फुलावर पडू देऊ नये. फूल वाऱ्याने हलत असेल तर श्वास रोखून थांबावे. फूल तोडून हातात धरून फोटो काढू नये. त्याचे पान, खोड आणि शेजारचे गवत दिसले तरच ते कोणते आणि कोठले हे कळते. शेजारी काडेपेटी ठेवली तर आकार समजतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जागा ठरवावी. विहिरीचे टोक, बांधाचा दगड, असे काहीतरी खूण म्हणून धरून दर महिन्याला त्याच जागेवरून, त्याच दिशेला तोंड करून एक फोटो घ्यावा. एका फोटोला काही अर्थ नसतो. बारा फोटो झाले की वर्ष दिसते, आणि दहा वर्षांचे झाले की आपण काय केले ते दिसते.

याचा रोकडा फायदाही आहे. एका सभासदाने मला मोबाईलवर फोटो पाठवला, "साहेब, फडात पांढरी फुलं छान आलीत, तुमच्या नादाची." पाहतो तो टारफुला! उसाच्या मुळावर जगणारे हे तण. एकेका रोपाला हजारो बारीक बिया, आणि बी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते. फूल नुकतेच येत होते. दुसऱ्या दिवशी माणसे लावून बी धरण्याआधीच सारे उपटले. फोटो आठ दिवसांनी आला असता तर उपयोग नव्हता.

म्हणून फुलतंय ते सगळे राखा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. गाजरगवत १९५५ साली पुण्यात दिसले आणि आज त्याने एकही गाव सोडलेले नाही. ते फुलायच्या आधी उपटावे. बांधावरच्या कडुनिंबावर आणि बाभळीवर पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे पाला खायला जमतात. ते रात्री फांद्या हलवून गोळा करावेत. त्यासाठी झाडच तोडायची गरज नाही. उलट बांधावरच्या साध्या फुलांचा आपल्याला उपयोग आहे. खोडकिडीसाठी आपण ट्रायकोकार्ड लावतो. त्यातून निघणारी चिमुकली माशी फुलांतल्या मधावर जगते, आणि खायला मिळाले तर जास्त दिवस जगते. बांध उघडाबोडका असेल तर तिने खायचे काय?

तात्यांचा बांध

आता राहिलेली गोष्ट. २०१३ च्या सुमारास मी गावोगावच्या बैठकांत सांगत होतो की बांध स्वच्छ ठेवा, बांधावर गवत म्हणजे किडीला घर, तणनाशक मारा आणि मोकळे व्हा. सभासदांनी ऐकले. तात्यांनीही ऐकले. दरवर्षी मृगात एक आणि श्रावणात एक अशी फवारणी होऊ लागली. बांध चकचकीत झाला. मी त्याचाही फोटो काढला होता, आदर्श बांध म्हणून! आणि गवत गेल्यावर नांगराचे तासही दरवर्षी बांधाकडे थोडे थोडे सरकत गेले.

जुलै २०२१ चा पाऊस सगळ्यांना आठवतो. ओढ्याला पाणी आले आणि तात्यांचा बांध मधोमध फुटला. मी पंचनाम्याआधी पाहणीला गेलो तेव्हा वरच्या तुकड्यातली माती ओढ्यात गेली होती आणि लागणीचा ऊस मुळे उघडी पडून आडवा झाला होता. उरलेला बांध मोजला. दीड फूट. वरून माती भुसभुशीत. धरून ठेवायला मूळच नव्हते.

मी फोटो काढले. घरी आल्यावर टेबलाच्या काचेखालचा २००४ चा फोटो काढून शेजारी ठेवला. तोच बांध, तीच विहीर मागे. रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही फोटो घेऊन तात्यांच्या घरी गेलो आणि म्हटलं, "तात्या, सल्ला माझा होता. चुकलं."

तात्यांनी बराच वेळ दोन्ही फोटो पाहिले. मग म्हणाले, "सायेब, औषध तुम्ही सांगितलं. पर बांध कोरायला तुम्ही कुठं सांगितलं हुतं? त्यो मीच कोरला. एक सरी वाढावी म्हणून." जुना फोटो त्यांनी काकूंच्या हातात दिला. काकूंनी तो दाराशी उजेडात नेला आणि एवढेच म्हणाल्या, "हितलीच गौर आणायची मी. आता धा वरीस बाजारातनं इकत आणतीया."

फुलाने टनेज वाढत नाही, हे मी वर लिहिलेच आहे. पण फुले गेली तेव्हा बांधही आतून गेला होता, आणि ती जाताना मी त्याच रस्त्याने आठवड्यातून दोनदा जात होतो. डोळ्यांना दिसले नाही. दोन फोटो शेजारी ठेवल्यावर दिसले.

२०२२ च्या उन्हाळ्यात तात्यांनी बांध पुन्हा घातला, चार फुटी. ओढ्याच्या बाजूने वाळ्याची रोपे लावली, वर हरळी येऊ दिली. तणनाशक बंद. गाजरगवत आणि मोठे तण विळ्याने काढायचे, बाकीचे राहू द्यायचे. पहिल्या पावसात टाकळा आपोआप आला, कुर्डूही आला. तेरडा काही आला नाही. मग परळीकडच्या एका पाहुण्यांच्या डोंगरातून बी आणायचे ठरले. तेरड्याची बोंडे पिकली की हात लागताच फुटतात आणि बी उडून जाते, म्हणून काकूंनी झाडावरच कापडी पिशव्या बांधल्या. ते बी वळवाच्या पावसाआधी बांधावर टाकले. पहिल्या वर्षी दोन रोपे आली, ती बियाला ठेवली. पुढेही तेच केले.

गेल्या भाद्रपदात मी पाहणीला गेलो तेव्हा काकू बांधावर होत्या. तेरड्याची रोपे मोजली, सतरा निघाली. त्यांतली पाच त्यांनी गौरीसाठी मुळासकट उपटून पदरात घेतली. बाकीच्यांकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, "ही ऱ्हावू द्या बियाला. अन् फोटु काढताना तुडवू नका." मी विहिरीच्या टोकाला जाऊन, जुन्याच जागेवरून फोटो काढला. आभाळी अजून आलेली नाही. तिचीही वाट पाहतो आहोत.

सभासदांना एवढीच विनंती की येत्या मृगात प्रत्येकाने आपल्या एका बांधाचा एक फोटो काढून तारखेसह जपून ठेवावा. घरी एखादा जुना फोटो असेल, लग्नाचा असो की बैलांचा, आणि त्याच्या मागे शिवार दिसत असेल, तर तोही शोधावा आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत. काही विचारावेसे वाटले तर गट कार्यालयात या. मी फडात नसलो तर बांधावर असेनच.

कळावे,
आपला,
ऊस विकास अधिकारी